सामना किती वाजता?

२२ जून १९८६. मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर अर्जेंटिना आणि इंग्लंड यांचा उपांत्यपूर्व सामना सुरू झाला, तेव्हा तिथल्या घड्याळात दुपारचे बारा वाजले होते. त्या सामन्याचं चित्रण आजही पाहायला मिळतं. बघाल तेव्हा मॅराडोनावरून नजर जरा बाजूला काढा आणि मैदानाच्या मधल्या भागाकडे पाहा. तिथे कोळ्याच्या आकाराची एक काळी सावली पसरलेली दिसेल. मैदानावर उंच टांगलेल्या लाऊडस्पीकरची ती सावली. सूर्य थेट डोक्यावर असल्याशिवाय अशी सावली बरोबर खाली पडत नाही. जून महिना, मध्यान्हीचं ऊन, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरची विरळ हवा, आणि त्यात नव्वद मिनिटं धावायचं!

आपल्याकडे भंडाऱ्यात तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. आर्द्रा नक्षत्र नुकतंच लागलेलं. धानाचे पऱ्हे टाकून झालेले किंवा टाकायचे राहिलेले. वस्तीत एखाद्याच घरी टीव्ही. सामन्याचा उत्तरार्ध सुरू होईपर्यंत मध्यरात्र उलटून गेली होती. मॅराडोनाने हाताने ढकललेला तो गोल आणि त्यानंतर चारच मिनिटांनी अर्ध्या संघाला चकवून केलेला दुसरा गोल, हे दोन्ही आपल्या तारखेने २३ जूनला झाले. फुटबॉलच्या इतिहासात २२ जून म्हणून नोंदलेला दिवस आपल्यासाठी २३ जून आहे. मला हे नेहमी फार महत्त्वाचं वाटत आलं आहे, कारण या प्रकरणाचा विषयच तो आहे: सामना किती वाजता, आणि ते कुणी ठरवायचं?

अझ्टेकावर दुपारी बाराची वेळ खेळाडूंनी मागितली नव्हती. उलट मॅराडोना आणि त्याचा सहकारी खोर्खे वाल्दानो यांनी या वेळेबद्दल उघड तक्रार केली. फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष जोआव आव्हेलांज यांनी ती धुडकावून लावली. कारण सरळ होतं. मेक्सिकोत दुपारचे बारा वाजतात तेव्हा पश्चिम युरोपात संध्याकाळचे सात-आठ वाजलेले असतात. माणसं कामावरून घरी आलेली, जेवणं आटोपत आलेली, सगळं घर टीव्हीसमोर. टीव्हीचा मोठा पैसा त्या घरांतून येत होता. १९९४ ला अमेरिकेत पुन्हा तेच झालं. ब्राझील-इटली अंतिम सामना कॅलिफोर्नियातल्या पासाडेनामध्ये दुपारी साडेबाराला, जुलैच्या उन्हात. युरोपात त्या वेळी रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि आपल्याकडे रात्रीचा एक. रॉबर्टो बॅजिओने पेनल्टी बारवरून मारली तेव्हा आपल्याकडे कोंबडा आरवायला फार वेळ उरला नव्हता.

टीव्हीवाल्यांना वेळेचं एवढं काय पडलेलं असतं, हे समजून घ्यायला क्रिकेटशी तुलना करून पाहावी. क्रिकेटमध्ये दर सहा चेंडूंनी षटक संपतं, गडी बाद झाला की नवा फलंदाज येईपर्यंत वेळ जातो, मध्येच पाणी येतं. प्रत्येक फटीत जाहिरात बसते. फुटबॉलमध्ये अशी फटच नाही. पंचेचाळीस मिनिटं खेळ अखंड चालतो, मग पंधरा मिनिटांची विश्रांती, पुन्हा पंचेचाळीस मिनिटं. त्यामुळे फुटबॉलच्या सामन्यात जाहिरातीपेक्षा जास्त मोलाची ठरते ती त्याची जागा. म्हणजे आठवड्यातले असे दोन तास, ज्यांत दुसरा कुठलाही मोठा सामना चालू नाही. सगळे सामने एकाच वेळी ठेवले तर प्रेक्षक दहा ठिकाणी वाटला जातो. तेच सामने शुक्रवार रात्रीपासून सोमवार रात्रीपर्यंत पसरले, तर एकच माणूस त्यातले पाच-सहा पाहतो. लीगचं प्रक्षेपण विकत घेणारा वाहिनीचा मालक चेंडूइतकेच घड्याळाचे काटेही विकत घेत असतो. चाहत्याचा राग नेमका इथूनच सुरू होतो.

इंग्लंडमध्ये फुटबॉलची परंपरेची वेळ म्हणजे शनिवार दुपारी तीन. शनिवारी अर्धा दिवस काम करून कारखान्यातला कामगार मैदानावर पोहोचायचा, त्यावरून ही वेळ पडली. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली, उपग्रह वाहिनीचा पैसा आला आणि ती वेळ फुटली. आता तिथे उन्हाळ्यात संपूर्ण हंगामाचं वेळापत्रक जाहीर होतं. एक संघ घरच्या मैदानावर एकोणीस आणि बाहेर एकोणीस सामने खेळतो, लीगचे एकूण तीनशे ऐंशी. पण त्या यादीतली तारीख खरी मानून कुणी रेल्वेचं तिकीट काढत नाही. टीव्हीवाले टप्प्याटप्प्याने आपले सामने निवडतात, आणि निवडलेला सामना शनिवारवरून शुक्रवारी, रविवारी किंवा सोमवारी सरकतो. घरी बसून बघणाऱ्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते संघाच्या मागे गावोगाव फिरणाऱ्याचं. त्याची रजा, तिकीट, खोली सगळं शनिवारचं असतं.

२०२३ साली वुल्व्हरहॅम्प्टन आणि चेल्सी यांचा सामना २४ डिसेंबरला लावला गेला. नाताळच्या आदल्या दिवशी प्रीमियर लीगचा सामना १९९५ नंतर झालेला नव्हता. चेल्सीच्या समर्थकांच्या संघटनेने जोरदार विरोध केला. लंडनहून वुल्व्हरहॅम्प्टनला जाऊन यायचं, नाताळच्या पूर्वसंध्येला तिथल्या रेल्वेगाड्या लवकर बंद होतात, आणि दुसऱ्या दिवशी तर धावतच नाहीत. ज्या रात्री अख्खं कुटुंब एकत्र बसायचं, त्या रात्री माणूस रस्त्यावर. आपल्याकडे कुणी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सामना लावला तर जे वाटेल, ते त्यांना वाटलं. सामना ठरल्या दिवशी दुपारी एकला झाला, वुल्व्हरहॅम्प्टन २-१ ने जिंकले. भारतात तेव्हा रविवार संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. चहा घेऊन आरामात टीव्हीपुढे बसावं, अशी वेळ.

एवढ्या लांबची गोष्ट हातात येत नसेल, तर ती वरठीला आणून पाहू. समजा, भंडाऱ्याच्या एखाद्या पोराला मुंबईत अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटी क्लबचा सामना बघायचा आहे. भंडारा रोड स्टेशन आहे वरठीला. तिथून दुपारनंतर विदर्भ एक्सप्रेस पकडायची, रात्रभर प्रवास, सकाळी मुंबई. परतीची विदर्भ मुंबईहून संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते. सामना साडेसातचा असेल, तर त्या रात्रीची गाडी गेलीच. म्हणजे मुक्काम, म्हणजे आणखी एक दिवसाची मजुरी किंवा रजा. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुलं होतं. त्याआधी एकशे वीस दिवस मिळायचे. विदर्भसारख्या गाडीत सणासुदीला उशीर केला की थेट प्रतीक्षायादी. त्याने पहिल्याच दिवशी जाण्या-येण्याचं तिकीट काढून ठेवलं, आणि मग सामना एक दिवस पुढे गेला, तर? तिकीट रद्द केल्याचे पैसे कापले जाणार, नवीन तिकीट मिळणार नाही. सामन्याच्या तिकिटाचे पैसे कदाचित परत मिळतील. त्या दोन रात्रींचे आणि मालकापुढे मागून घेतलेल्या रजेचे कोण देणार? वेळापत्रकात बदल करणाऱ्यांच्या हिशेबात हा खर्च कुठल्याच रकान्यात नसतो. तो पूर्णपणे चाहत्याच्या खिशातून जातो, म्हणून तो कुणाला दिसतही नाही.

जर्मनीतल्या चाहत्यांनी तो दाखवून दिला. तिथल्या बहुतेक क्लबांमध्ये मतांचं बहुमत सभासदांकडे राहिलं पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे चाहता स्वतःला गिऱ्हाईक समजत नाही, घरचा माणूस समजतो. २०१७-१८ च्या हंगामात बुंडेसलिगाने सोमवारी रात्रीचे सामने सुरू केले. सबंध हंगामात फक्त पाच. तेवढ्यावरही आग भडकली. १९ फेब्रुवारी २०१८ ला फ्रँकफर्ट विरुद्ध लाइपझिग सामन्यात प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकले. हिरव्या गवतावर पिवळे ठिपके पसरले, माणसं ते वेचत होती, आणि उत्तरार्ध लांबला. आठवड्याने डॉर्टमुंडमध्ये याहून बोलकं काही घडलं. त्या मैदानाच्या एका बाजूला पंचवीस हजारांच्या आसपास माणसं उभी राहून सामना बघतात. पिवळी भिंत म्हणतात तिला. ऑग्सबुर्गविरुद्धच्या सोमवारच्या सामन्याला ही भिंत बरीच मोकळी राहिली. एक्याऐंशी हजारांच्या मैदानावर जेमतेम चौपन्न हजार आले. कॅमेऱ्याला जे विकायचं होतं, तो आवाज, ते झेंडे, ती गर्दी, तेच त्या दिवशी जागेवर नव्हतं. चाहत्याचं बळ किती, हे मी याहून स्पष्ट कुठेच पाहिलेलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लीगने जाहीर केलं की २०२१-२२ पासून सोमवारचे सामने बंद. आणि ते बंद झाले.

स्पेनमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये आलावेस क्लबच्या समर्थकांनी सोमवारच्या सामन्याविरुद्ध काळे कपडे घालून शवपेटीची मिरवणूक काढली. फुटबॉलची अंत्ययात्रा. पण स्पेनच्या गोष्टीत आपलं नाव येतं, म्हणून तिथे जरा थांबावंसं वाटतं.

२३ डिसेंबर २०१७ चा रिअल माद्रिद-बार्सिलोना सामना. अशा लढती एरवी तिथे बऱ्याच उशिरा होत. त्या शनिवारी तो दुपारी एक वाजता सुरू झाला. स्पेनमध्ये दुपारचं जेवण उशिरा होतं, दोन-तीनला. म्हणजे अख्ख्या देशाच्या जेवणाच्या वेळेवर तो सामना येऊन पडला. का, तर आशियातल्या प्रेक्षकांना तो संध्याकाळी, रात्री, जागेपणी पाहता यावा म्हणून. चीनमध्ये रात्रीचे आठ, भारतात संध्याकाळचे साडेपाच. बार्सिलोना ३-० ने जिंकली. आपल्यापैकी अनेकांनी तो सामना जागरण न करता, दिवेलागणीला बघितला असेल आणि बरं वाटलं असेल. ती सोय कुणाच्या तरी गैरसोयीतून आली होती.

मेक्सिकोत १९८६ साली युरोपच्या संध्याकाळसाठी खेळाडू उन्हात भाजले. एकतीस वर्षांनी आपल्या संध्याकाळसाठी माद्रिदचा प्रेक्षक जेवण सोडून मैदानावर गेला. मधल्या काळात आपण, भंडारा-तुमसर-साकोलीत मोबाइलवर सामना पाहणारी माणसं, रकमेच्या हिशेबात आलो. वैयक्तिक दोष कुणाचाच नाही. पण डॉर्टमुंडच्या रिकाम्या भिंतीबद्दल वाचताना मला आपल्या बाजूनेही विचार करावासा वाटतो. आपण घरी बसून जे बघतो, त्यात त्या मैदानावर आलेल्या माणसांचा आवाज अर्धा असतो. ती माणसं यायची थांबली तर आपल्या पडद्यावर उरेल ते गवत आणि बावीस खेळाडू.

इंग्लंडच्या शनिवारी दुपारी तीनबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तिथे शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात थेट फुटबॉल दाखवायला टीव्हीवर बंदी आहे. १९६० च्या दशकापासूनची. बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी तिचा आग्रह धरला. मोठे सामने घरी दिसले तर छोट्या गावांतले लोक आपल्या छोट्या क्लबच्या मैदानावर यायचे थांबतील, ही त्यांची भीती. मला ही भीती आजही खरी वाटते. परिणाम असा की शनिवारी तीनला सुरू होणारा प्रीमियर लीगचा सामना बर्नलीत राहणाऱ्या माणसाला टीव्हीवर थेट दिसत नाही, आणि भंडाऱ्यात राहणाऱ्याला दिसतो. उन्हाळ्यात रात्री साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला. हा एका तासाचा फरक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पडतो. त्या दिवशी ब्रिटनची घड्याळं मागे सरकवतात. आपल्याकडे तेव्हा हलक्या धानाची कापणी चालू असते किंवा उरकत आलेली असते, दिवाळी जवळ असते, आणि नेहमीच्या वेळी टीव्ही लावणाऱ्याला कळत नाही की सामना अजून सुरू का झाला नाही. कुणीच त्याला सांगितलेलं नसतं.

आता आपल्या देशाकडे. इंडियन सुपर लीग १२ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झाली ती टीव्ही डोळ्यासमोर ठेवूनच. सामने कधी संध्याकाळी सातला, कधी साडेसातला, तर २०२३-२४ च्या हंगामात बरेचसे रात्री आठला. आठचा सामना दहाच्या सुमारास संपतो. कोचीमध्ये सामन्यांच्या रात्री मेट्रो उशिरापर्यंत चालवावी लागायची, ती चालवली गेली हे चांगलंच. पण मुंबईत अंधेरीहून विरार, कल्याणकडे परतणाऱ्या बापाने शाळकरी पोराला बरोबर आणायचं की नाही, याचा निर्णय या आठ वाजण्यावर व्हायचा. आय-लीग या देशातल्या जुन्या लीगची कहाणी उलटी. २०१७-१८ आणि २०१८-१९ च्या हंगामांत तिचे कितीतरी सामने दुपारी दोनला ठेवले गेले, कारण संध्याकाळचा वेळ सुपर लीगसाठी होता आणि अनेक मैदानांवर दिव्यांची सोयही नव्हती. दुपारी दोनला नोकरदार येणार कसा? पुढे तर २०१८-१९ च्या हंगामातले काही सामने दाखवायचेच नाहीत असं ठरलं, आणि क्लब चिडले.

त्याहून मोठा धक्का २०२५ ला बसला. फुटबॉल महासंघ आणि सुपर लीगचे व्यावसायिक हक्क सांभाळणारी कंपनी यांच्यातला २०१० चा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपत होता. नवा करार झाला नाही. जुलैत हंगाम स्थगित केल्याचं क्लबांना कळवण्यात आलं. हक्कांसाठी निविदा काढली, तर नोव्हेंबरमध्ये मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही. सामना सातला की आठला हा वाद ज्या चाहत्याने वर्षानुवर्षे घातला, त्याच्यासमोर तेव्हा सामनाच नव्हता. वेळ बदलल्याचा राग आणि वेळ न मिळाल्याचं दुःख यांचं मूळ एकच आहे. खेळ एकाच गिऱ्हाइकाच्या पैशावर उभा राहिला, की त्या गिऱ्हाइकाने हात काढला तेव्हा तो बसतो.

महाराष्ट्रात याच्या नेमक्या उलट टोकाला कोल्हापूर आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावं धारण करणारे संघ खेळतात. सामने दुपारी, उजेडात. मंगळवार पेठेतला, शिवाजी पेठेतला माणूस चालत मैदानावर पोहोचतो आणि दिवे लागायच्या आत घरी परततो. तिथल्या हंगामाचं वेळापत्रक त्या पेठांच्या रोजच्या जगण्याशी बांधलेलं आहे. पैसा कमी आहे, सोयी कमी आहेत. गर्दी मात्र अशी की बाहेरून आलेला माणूस थक्क होतो.

आमच्या झाडीपट्टीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत होते, आणि रात्री नाटक. पडदा वर जायला दहा-साडेदहा होतात. आजूबाजूच्या गावांतून लोक पोहोचले पाहिजेत, पाहुण्यांची जेवणं झाली पाहिजेत. मग नाटक पहाटेपर्यंत चालतं, कारण परगावाहून आलेली बाया-माणसं, लेकरं अंधारात परत जाणार नाहीत. ती उजाडल्यावर निघतील. मध्येच संपवलं तर त्यांनी जायचं कुठे? नाटकाची लांबी किती असावी, हे समोर चादर पसरून बसलेल्या माणसाच्या परतीच्या वाटेवरून ठरलं. एखाद्या आयोजकाने उद्या सांगितलं की कॅमेऱ्याच्या सोयीसाठी नाटक दुपारी तीनला करू, तर पहिला प्रश्न येईल, "काहून गा? तवा बांधीत कोण जाईल?"

भंडाऱ्यापासून पासष्टेक किलोमीटरवर नागपूर-कामठी. रब्बानी क्लबचं कामठी, विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलचं नागपूर. भंडाऱ्याच्या पोरांना फुटबॉल तिथून दिसला आणि टीव्हीवरून दिसला. मैदानावर जाऊन मोठा सामना बघायची संधी त्यांना क्वचितच. त्यांच्यासाठी पडदा हेच मैदान. म्हणून मी टीव्हीला शत्रू मानत नाही. माझं म्हणणं एवढंच की वेळ जाहीर झाली की ती पाळावी. बदलायची असेल, तर रेल्वेचं आरक्षण खुलं होण्याच्या आत बदलावी. बदलामुळे ज्याचा खर्च वाया गेला, त्याला तो भरून द्यावा. हंगामाच्या शेवटी पेच पडलेले सामने एकाच वेळी खेळवतात, कारण एकाचा निकाल दुसऱ्याला आधी कळू नये. न्यायासाठी वेळ जुळवता येते, हे लीगवाल्यांना पक्कं माहीत आहे.

२०२६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची ठरलेली वेळ अशी: १९ जुलै, न्यू जर्सी, दुपारी तीन. युरोपात रात्रीचे नऊ. आपल्याकडे रविवारची मध्यरात्र उलटून सोमवारचे साडेबारा. जादा वेळ आणि पेनल्टीपर्यंत गेला तर साडेतीन होतील. जुलैचा तिसरा आठवडा म्हणजे रोवणीचे दिवस. पाऊस ओढ देत असेल, तर कुणाची मोटारीची लाईट रात्रीची असेल आणि तो बांधावर बसून, एका हाताने फोनवर प्लास्टिकची पिशवी धरून, दुसऱ्या हाताने पाण्याची दिशा बदलत सामना बघेल. सकाळी सातला रोवणारणी बांधीवर येतील.